पत्र्याच्या डबीतली झील

"आवाज एकटा पडला न्हाय पायजे."

बलभीमचं हे वाक्य आमच्या गावात लहानथोरांना पाठ होतं. गिटारीच्या खुंट्या पिळताना तो हे म्हणायचा, सोसायटीच्या गोदामात खताचं पोतं पाठीवर घेतानाही म्हणायचा. कुणी चेष्टेनं विचारलं, बलभीमा, जेवताना पण सोबत लागती का आवाजाला, तर मान हलवून बारीक हसायचा. माणूस मात्र दांडगा. उंच, काळा, बोटं कुदळीच्या दांड्यासारखी.

ती बोटं बहात्तर सालच्या दुष्काळानं घडवली. मुरुम या बाजारगावापासून दोन कोसांवर आमचं गाव. त्या साली सगळा गाव तलावाच्या कामावर खडी फोडायला होता, आणि एकोणीस वर्षांचा बलभीम बाप कोंडिबाच्या शेजारी बसून दगड फोडायचा. कोंडिबाचा गळा चांगला होता. दुपारी हात जड झाले की तो भीमगीत सुरू करायचा आणि कडव्याची शेवटची ओळ बाकीच्यांनी उचलायची. आमच्याकडं याला झील धरणं म्हणतात. एकानं गायचं, चौघांनी मागून उचलून धरायचं. एका दुपारी कोंडिबानं ओळ टाकली आणि कुणीच उचलली नाही. कुणी रुसलं नव्हतं. सकाळपासून पाण्याचं पिंप आलं नव्हतं आणि सगळ्यांच्या जिभा टाळूला चिकटल्या होत्या. कोंडिबा तसाच थांबला, ओळ हवेत धरून. बलभीमला गाता यायचं नाही. त्यानं घण उचलला आणि दगडावर ठेका धरला. ठण, ठण, ठण. त्या ठेक्यावर बापानं ओळ पुन्हा उचलली.

"त्या दिशी म्या बापाचं तोंड बघितलं," असं बलभीम सांगायचा. आणि पुढं ते नेहमीचं वाक्य म्हणायचा.

कोंडिबा गेल्यावर बलभीम रामकिसन मास्तरांच्या गायन पार्टीत आला. मास्तर शाळेत शिकवायचे आणि सुट्टीच्या दिवशी गायचे. त्यांच्यासारखा आवाज उमरगा तालुक्यात दुसरा नव्हता, हे मी माझ्या तोंडानं सांगतो, कारण वीस वर्षं त्यांच्या मागं बसून मी झील धरली आहे. पार्टीत ढोलकी होती, पेटी होती, बेंजो होता. बलभीमनं आधी टाळ वाजवले. मग ब्याऐंशी साली हैदराबादच्या रस्त्यावर चालणाऱ्या एका ट्रकवाल्याकडून त्यानं जुनी बेस गिटार मिळवली. कुठल्या तरी बँडची टाकाऊ होती. चार तारांतली एक नव्हती, रंग उडालेला होता. सहा महिने तो तीन तारांवर शिकला. शिकवणारा कोणी नव्हताच. मुरुमच्या बाजारापर्यंत कुणी असलं वाद्य पाहिलेलं नव्हतं. लोक त्याला मोठी सतार म्हणायचे.

आता इथून पुढची गोष्ट नीट समजायची तर तालमीची रीत सांगायला हवी. आमची तालीम विहारात व्हायची, दिवे लागायच्या आत. भोंगे आणि त्यांचं मशीन तालमीला काढायचं नाही, असा मास्तरांचा नियम होता, कारण ते मोटारीच्या बॅटरीवर चालायचं आणि बॅटरी भरून आणायला मुरुमला जावं लागायचं. ढोलकीला आणि पेटीला भोंगा नसला तरी चालतो. बलभीमची गिटार म्हणजे भरीव फळकूट. विजेशिवाय ती मुकी. तारा हलताना दिसायच्या, ऐकू काही यायचं नाही.

पण बलभीमला ऐकू यायचं. तो मान वाकडी करून गिटारीच्या कोपऱ्यावर जबडा टेकवायचा आणि डोळे मिटून वाजवायचा. एकदा त्यानं मलाही तसं करायला लावलं. मी जबडा टेकवला आणि त्यानं सगळ्यात जाड तार ओढली. भरल्या विहिरीत मोठा धोंडा पडावा आणि ती घुमघुम आपल्याच छातीत फिरावी, तसं झालं. मी दचकून मान काढली, तर विहारात शांतता होती आणि पेटीवाला माझ्याकडं बघून हसत होता.

कार्यक्रमात मात्र भोंग्यातून यायचं ते फक्त टकटक. सुपारी फोडल्यासारखं. मास्तर दोन कडव्यांच्या मधे मागं वळून त्याच्याकडं बघायचे. कार्यक्रम संपला की म्हणायचे, बलभीम, तुझ्या हातात दम न्हाय. बलभीम दुसऱ्या दिवशी तारा अजून ताणायचा, नख तुटेपर्यंत जोरानं वाजवायचा. टकटक मोठी व्हायची, एवढंच.

हे भोंगे सोसायटीचे चेअरमन आबाराव यांनी पार्टीला भेट दिले होते. दोन भोंगे, पांढरेशुभ्र, आणि दोन्हींवर लाल रंगात त्यांचं नाव. कार्यक्रमाला भोंगे बांधताना नाव लोकांच्या तोंडासमोर आलं पाहिजे, हा दंडक होता. आबाराव वाईट माणूस नव्हता. भोंग्यांवर त्याचा जीव होता आणि मास्तरांचा त्याहून जास्त. त्यांचा आवाज त्यातून निघाला की दोन शिवारं ओलांडून पलीकडच्या वस्तीवर जायचा. असा आवाज मिळाल्यावर कुणाला भोंग्याबद्दल वाईट बोलवेल?

चौऱ्याऐंशीच्या दिवाळीत बलभीम उमरग्याच्या एका हॉटेलात चहा पीत होता. तिथं टेपवर गाणं लागलं आणि त्यातला बेस ऐकून त्याचा हात कपावरच राहिला. तार एकच वाजत होती, पण तिच्या मागं अजून दोघीतिघी असल्यासारख्या होत्या. किंचित मागं, किंचित पुढं, लाटेसारख्या. लग्नाच्या बँडमधला एक क्लॅरिनेटवाला शेजारी होता. त्यानं सांगितलं, याला कोरस म्हणतात, पायानं दाबायची एक डबी मिळते, पेडल. वायर तिच्यातून नेली की एका तारेच्या चार होतात.

बलभीम त्या दिवशी उमरग्याहून चालत आला. मला उठवून म्हणाला, "आरं, तारेला झीलकरी मिळत्यात. डबीत."

तेव्हापासून त्याला दुसरं काही सुचेना. सोलापूरच्या वाद्यांच्या दुकानात गेला, तिथं असली वस्तू ठेवत नाहीत म्हणाले. मुंबईला कार्ड टाकलं, उत्तर आलं तर किंमत बघून त्यानं कार्ड घडी करून टोपीत ठेवलं ते कायमचं. उमरग्यातला एक रेडिओ दुरुस्त करणारा म्हणाला, मी बनवून देतो, त्यात काय आहे. चार महिने खेटे घातले. शेवटी त्यानं साबणाच्या डबीत काहीबाही बसवून दिलं, त्यातून हैदराबाद स्टेशनच्या बातम्या ऐकू यायच्या. पार्टीत हसून हसून मुरकुंडी वळली. बेंजोवाला तर रोज विचारायचा, काय बलभीमराव, आज हवामान काय म्हणतंय.

बलभीम हसला नाही. कारण त्याच सुमारास मास्तरांनी त्याला बाजूला घेतलं होतं. उमरग्याच्या शिवशरणनं कीबोर्ड घेतला होता. त्याच्या एका बटणात बेस, दुसऱ्यात ढोल, तिसऱ्यात आणखी काही. तो पार्टीत यायला तयार होता. मास्तर म्हणाले की सव्वीस वर्षांचा पोरगा आहे, चार वाद्यांचं काम एकटा करतो. जयंतीपर्यंत बघू. जयंतीच्या कार्यक्रमात बेस ऐकू आला तर तू राहशील. नाही आला, तर शिवशरण बसेल तुझ्या जागी.

बलभीमनं हे बायकोला सांगितलं. धुरपताबाई बोलायला कमी होती. ते वर्ष पुन्हा पाणी नसलेलं, कडबा कुठं मिळत नव्हता, आणि तिच्या दोन शेळ्या बाभळीच्या शेंगांवर जगत होत्या. ती म्हणाली, "चाऱ्यावाचून मरत्याल, त्यापरीस डबीत जाऊ द्या." आणि दोन्ही शेळ्या मुरुमच्या बाजारात स्वतः नेऊन विकून आली. दोन दिवस घरात कुणी दावणीकडं बघितलं नाही.

शहाऐंशीच्या मार्चमध्ये मी आणि बलभीम उमरग्याहून ट्रकनं हैदराबादला गेलो. गिटार पोत्यात गुंडाळून मांडीवर. दुकान शोधायला दुपार झाली. दुकानदार वयस्कर, मेंदी लावलेल्या दाढीचा, बोलायला गोड. त्यानं गिटार हातात घेतली, उडालेल्या रंगावरून बोट फिरवलं आणि तारा सुरात लावल्या. एवढ्यानंच बलभीमला तो आवडला. मग त्यानं गिटारीची वायर माणसाच्या छातीएवढ्या उंच, मोठा स्पीकर बसवलेल्या लाकडी पेटीला जोडली आणि तीन पेडलं पुढं ठेवली.

पहिलं निळं, परदेशी, तुळतुळीत. बलभीमनं ते वाजवलं आणि लगेच पाय काढला, आवडेल या भीतीनं. ते आपल्या ऐपतीतलं नव्हतं. दुसरं स्वस्त होतं, सहा तारांच्या गिटारीचं. वरच्या तारांवर गोड बोलायचं, पण जाड तारेवर आलं की सूर डगमगायचा, ओल्या बांधावरून पाय घसरल्यासारखा. बलभीम जाड तार पुन्हा पुन्हा ओढत राहिला. म्हणाला, "याच्यावर मास्तरांनी पाय कुठं ठिवायचा?" आणि बाजूला सारलं. तिसरं पत्र्याची ओबडधोबड डबी. तिथल्याच एका कारागिरानं हातानं केलेली, दोन बटणं, रंगसुद्धा दिलेला नाही. बलभीमनं जाड तार ओढली. खालचा सूर खांबासारखा जागेवर उभा राहिला आणि त्याच्या माथ्यावर तेवढी झील हलली. दुकानातल्या काचा थरथरल्या. माझ्या पायाखालची फरशी घुमली. बलभीमचा जबडा गिटारीकडं वळला होता, तो वाटेतच थांबला. टेकवायची गरजच नव्हती.

मी आजही सांगतो, निवड त्यानं चोख केली. तीन पेडलांतलं खरं पेडल स्वस्ताला न भुलता कानानं ओळखलं. चूक दुसरीकडंच झाली. आम्ही पेडल घ्यायला गेलो होतो म्हणून तिन्ही पेडलं लावून बघितली. एकही पेडल न लावता त्या लाकडी पेटीत गिटार कशी वाजते, हे बघायचं आम्हा दोघांनाही सुचलं नाही.

निघताना दुकानदारानं विचारलं, "गाँव में काहे में बजाते?"

बलभीम म्हणाला, "भोंगे हैं. दो."

दुकानदार हसला. हसत हसतच काही सांगायला लागला होता, पण बलभीमचा चेहरा उतरला. आमच्या धोतरांना, पोत्यात गुंडाळलेल्या गिटारीला तो हसला असं आम्हाला वाटलं. बलभीमनं डबी उचलली, रामराम केला आणि पायऱ्या उतरला. परतीच्या ट्रकमध्ये तो डबी पोटाशी धरून बसला होता. झहीराबादपर्यंत एवढंच बोलला, "हसू दे. आवाज त्यालाबी ऐकू आला की."

जयंतीआधी एकदा भोंगे लावून बघू, असं त्यानं मास्तरांना विनवलं. मास्तरांनी नियम मोडला नाही. त्या उन्हाळ्यात बॅटरी भरायला मुरुमला खेप करणं म्हणजे अख्खा दिवस. मग बलभीम घरी मुक्या गिटारीला डबी जोडून पायानं दाबायचा सराव करायचा. कुठल्या कडव्यावर चालू, कुठं बंद. धुरपताबाई सांगायची की बिनआवाजाचं वाजवताना माणूस घामानं भिजायचा.

जयंतीचा कार्यक्रम त्या वर्षी दुपारी ठेवला, कारण संध्याकाळी टँकर यायचा आणि टँकर आला की सभेत कुणी थांबलं नसतं. विहारासमोर पालं ताणली. भोंगे लिंबाच्या फांद्यांना बांधले, नावं लोकांकडं. आबाराव पहिल्या रांगेत लोखंडी खुर्चीवर. शिवशरणही आला होता, नुसता ऐकायला, कीबोर्ड घरी ठेवून. बायका एका अंगाला बसल्या होत्या, घागरी जवळ घेऊनच. त्यांत धुरपताबाई.

पहिलं गाणं सुरू झालं. बलभीमनं डबीवर पाय दिला आणि तार ओढली.

भोंग्यातून खालचा सूर आलाच नाही. खांब आला नाही, त्याच्या माथ्यावरची झील तेवढी आली, एकटी. पत्र्याच्या डब्यात खडे घालून कुणी हलवावेत तशी किणकिण, थरथरत, मास्तरांच्या आवाजाला घासत. मास्तरांची ओळ हलली. बायकांमधून कुणीतरी खुदकन हसलं. बेंजोवाला वाजवता वाजवता मागं झुकला आणि म्हणाला, "बलभीमराव, गिटारीला हिवताप आला का?"

बलभीमनं पाय काढला. पुन्हा टकटक. पाय दिला, किणकिण. त्यानं बटणं फिरवली, वायर काढून पुसून बसवली. त्याच्या कपाळावरून घाम डबीवर पडत होता. चार गाणी अशी गेली. मी शेजारी बसून झील धरत होतो आणि माझ्याच्यानं त्याच्याकडं बघवत नव्हतं.

मधल्या वेळात चहा आला. बलभीम उठला आणि लिंबाखाली गेला. त्यानं भोंग्याच्या तोंडात हात घातला, पार कोपरापर्यंत, जिथं तो निमुळता होत जातो तिथं. बराच वेळ हात तसाच. मग मागं वळून माझ्याकडं आला आणि हलक्या आवाजात विचारलं, "हैदराबादेत ती पेटी केवढी होती?"

मी छातीला हात लावून दाखवलं. दाखवता दाखवता मलाही समजलं, आणि दुकानदाराचं हसणं आठवलं.

तो सरळ मास्तरांकडं गेला. मी मागं गेलो. बलभीम म्हणाला, "मास्तर, हात बी बरा हाय, डबी बी बरी हाय. खोट भोंग्यात हाय. त्याचा गळा बारीक. त्याच्यातनं जाड आवाज निघतच न्हाय. चार वर्षं म्या वाजवतोय, ते कुणीच ऐकल्यालं न्हाय."

मास्तर कपातला चहा बघत राहिले. म्हणाले, "हळू बोल."

"लाकडाची पेटी म्या स्वतः ठोकतो. फळ्या गोदामातनं आनतो. बेस तेवढा पेटीतनं, तुमचा आवाज भोंग्यातनंच."

"आनि आबारावांनी विचारलं, माझे भोंगे असताना ही पेटी कशाला, तर?"

"खरं सांगायचं."

मास्तरांनी मान वर केली. मोठा माणूस होता तो, मनात काळं नव्हतं. पण त्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीला टँकर कधी यायचा आणि किती खेपा करायचा, हे सोसायटीच्या ओट्यावर ठरायचं. तो ओटा आबारावांचा. मास्तर म्हणाले, "बलभीम, खरं मलाबी दिसतंय. पर दिलेल्या वस्तूत खोट काढायचं हे साल न्हाय."

"मंग खोट माझ्या हातात हाय म्हनायचं?"

मास्तर चहा तसाच ठेवून स्टेजवर जाऊन बसले. शिवशरण लिंबाखाली उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. तो खाली बघून चपलेनं माती उकरत राहिला.

दुसरा भाग सुरू झाला. बलभीम जागेवर येऊन बसला. त्यानं डबी उचलून माझ्या पुढ्यात ठेवली. मग भोंग्याच्या मशीनमधून आपली वायर काढून गुंडाळली आणि गिटारीच्या कोपऱ्यावर जबडा टेकवला. डोळे मिटले. मास्तरांनी कोंडिबाचं आवडतं गाणं धरलं, मुद्दाम की चुकून, मला सांगता येणार नाही. बलभीमनं ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या कडव्यापर्यंत वाजवलं. एक सूर चुकला नाही, हे मी त्याची बोटं बघून सांगतो. लोकांना वाटलं, तो डुलक्या घेतोय.

गाणं संपायच्या आधीच रस्त्यावर टँकरचा हॉर्न वाजला. सगळी सभा उठली. घागरी, हंडे, डबे, पोरं, आरडाओरड. पालं हलायला लागली. आबाराव उभे राहून रांग लावा, रांग लावा म्हणू लागले. त्या गडबडीत बलभीम स्टेजवरून उतरला, गिटार खांद्याला लावली आणि माणसांच्या उलट्या बाजूनं, बापासोबत खडी फोडली होती त्या तलावाच्या वाटेनं चालू लागला.

मी डबी घेऊन मागं जायला उठलो, तर मास्तरांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. त्यांनी ओळ टाकलेली होती, बाकीचे टँकरकडं पळाले होते आणि ती उचलायला स्टेजवर मी एकटाच उरलो होतो. मला उचलता आली नाही. मास्तर तोंड उघडं ठेवून बलभीमच्या पाठीकडं बघत होते.

धुरपताबाई रांगेत होती. तिचा नंबर आला होता. पाइपाचं पाणी घागरीबाहेर सांडायला लागलं तरी तिचं लक्ष नव्हतं. मागच्या बाईनं ओरडून तिची घागर बाजूला ओढली आणि आपली लावली. धुरपताबाई हलली नाही. कोरड्या तलावाच्या बांधावर बलभीम चढला, पलीकडं उतरायला लागला, आधी पाय दिसेनासे झाले, मग पाठ, आणि खांद्यावरच्या गिटारीची मान तेवढी थोडा वेळ दिसत राहिली. ती दिसेनाशी होईपर्यंत धुरपताबाई बघत होती.